चारच बनलेलं विमान

वसईच्या खाडीपलीकडे, दक्षिणेला जुहूचा विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन इथंच उतरले. पुढे टाटांच्या ताफ्यात एक दुर्मीळ विमान आलं, माइल्स मर्लिन. १९३५ मध्ये इंग्लंडात प्रथम उडालेलं, लाकडी बांधणीचं. दोनशे अश्वशक्तीचं एकच इंजिन, वैमानिक धरून पाच आसनं. जगभरात अशी फक्त चार विमानं बनली! पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई, मग मुक्काम पुण्याला हलवावा लागे. अशा धावपट्टीवरून टपाल वेळेवर पोहोचवणाऱ्या वैमानिकांचं आणि मेकॅनिकांचं मला फार कौतुक वाटतं.