साठीनंतरचा करंडक

कर्नाटकात सरकारी नोकरीतला माणूस साठीला निवृत्त होतो. सत्काराची शाल, श्रीफळ, झालं! मुंबईचे क्रिकेटपटू चंद्रकांत पंडित मात्र साठी उलटल्यावर याच राज्यात रणजी करंडक उंचावत होते.

ही गोष्ट बेंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावरची. 1999 साली तिथंच रणजीची अंतिम लढत झाली. पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार. पहिल्या डावात आघाडी मिळूनही कर्नाटकानं त्यांना 96 धावांनी हरवलं. कर्नाटकातल्यांना तेव्हा आनंदच झाला असणार म्हणा!

पुढं ते प्रशिक्षक झाले. मुंबईला तीनदा, विदर्भाला लागोपाठ दोनदा करंडक मिळवून दिला. शिस्त कडक, इतकी की काही खेळाडूंना ती जाचायची. मग 26 जून 2022. तेच मैदान, तोच मध्य प्रदेश, पण आता पंडित प्रशिक्षक, आणि समोर 41 वेळा विजेती ठरलेली मुंबई, म्हणजे त्यांचंच माहेर. सहा गडी राखून विजय! मध्य प्रदेशचं हे पहिलंच रणजी विजेतेपद. पंडितांना मैदानातच रडू कोसळलं.

आता तरी थांबतील? छे! 2024 मध्ये कोलकात्याला आयपीएल जिंकून दिली. 2025 मध्ये तो संघ सोडला, तोही नव्या संधी शोधण्यासाठी.