सोयाबीनची ओली शेंग

माळव्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात डोलणारे प्रमुख पीक म्हणजे सोयाबीन. पूर्वी येथील कितीतरी शेते पावसाळाभर पडीक राहत व रब्बीची वाट पाहत. 1960 नंतरच्या दशकांत या पिकाने ती हिरवी केली आणि शेतकऱ्याच्या हाती पैसा दिला. परंतु ज्या घराच्या दाराशी हे पीक उभे असते, त्याच घराच्या चुलीवर ते क्वचितच चढते. दाणा तेलगिरणीत जातो, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आणि डाळ महागली की शेतकऱ्याच्याच मुलाच्या ताटातील वरण पातळ होते. ही विसंगती दूर व्हावयास नको काय?

चीन व जपान या देशांत शतकानुशतके सोयाबीनची शेंग हिरवी असतानाच खाण्याची चाल आहे. जपानी लोक तिला ‘एदामामे’ म्हणतात; ‘फांदीवरचे दाणे’ असा त्याचा अर्थ. शेंगा मिठाच्या पाण्यात उकडावयाच्या आणि टरफल टाकून दाणे खावयाचे. आपल्याकडे तुरीच्या शेंगा अशाच उकडतात, हरभऱ्याचे सोलाणे काढतात. तेव्हा ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

या दाण्यांचे मोल मोठे आहे. 100 ग्रॅम ओल्या दाण्यांत सुमारे 11 ते 13 ग्रॅम प्रथिने असतात. हिरव्या मटारापेक्षा ती बरीच अधिक. गहू व ज्वारी यांच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी पडतो. सोयाबीनमध्ये तो भरपूर असतो. पोळी-भाकरीची उणीव ही उसळ भरून काढते.

मात्र तेलाचे वाण आणि भाजीचे वाण एक नव्हेत. भाजीच्या वाणाचा दाणा टपोरा व गोडसर असतो. रांचीच्या सरकारी कृषी संशोधन केंद्राचा ‘स्वर्ण वसुंधरा’ व बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा ‘करुणे’ हे असे वाण होत. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेतही या दिशेने काम झाले आहे.

चांगला पाऊस होऊन वाफसा आला की पेरणी करावी. बियाण्याची साल नाजूक असते. ते आपटू नये व तीन-चार सेंटिमीटरहून खोल पेरू नये. पेरणीपूर्वी त्यास जिवाणूसंवर्धक चोळावे, म्हणजे मुळांवर गाठी धरून हवेतील नत्र पिकास मिळते. शेतात पाणी साचू देऊ नये. साठवलेल्या बियाण्याची उगवणशक्ती लवकर घटते. म्हणून पुढील वर्षी पेरण्यापूर्वी थोडे दाणे ओल्या फडक्यात ठेवून उगवण पाहावी.

खरी कसोटी तोडणीची. सुमारे अडीच महिन्यांनी शेंग दाण्यांनी भरते, पण रंगाने हिरवीच असते. तेवढे मोजके दिवसच तिचे. पिवळसर झाली की गोडी सरली. सकाळी तोडावी आणि शक्यतो त्याच दिवशी शिजवावी.

येथे दोन सूचना आवश्यक आहेत. दाणे कच्चे खाऊ नयेत. प्रथिनांच्या पचनास अडथळा करणारे द्रव्य त्यांत असते व ते शिजविल्याने निष्प्रभ होते. उकळत्या पाण्यातच शेंगा टाकल्यास उग्र वासही कमी होतो. दुसरे असे की, कीटकनाशके फवारलेल्या तेलाच्या पिकातील शेंगा खाण्यासाठी तोडू नयेत. घरच्यासाठी परसात किंवा बांधालगत वेगळा वाफा राखावा, हेच उत्तम.

मिरची व बटाटा समुद्रापलीकडून या भूमीवर आले. आज त्यांना परके कोण म्हणेल? गृहिणीने हाती घेतले, म्हणून ते आपले झाले. सोयाबीनने शेत केव्हाच जिंकले आहे. स्वयंपाकघराचा उंबरठा मात्र त्यास अजून ओलांडावयाचा आहे. भाद्रपदाच्या सुमारास, मटाराचा हंगाम दूर असताना, या ओल्या दाण्यांची उसळ एकदा करून पाहावी, पोह्यांत मूठभर घालावेत. मुलांनी पुन्हा मागितले, तर पुढील वर्षी तो वाफा आपोआप मोठा होईल.