घंटा वाजली, तर येणार कोण?

(जबलपूर येथे मराठी वाचकांसमोर दिलेले व्याख्यान)



गृहरक्षणाविषयीच्या इंग्रजी पुस्तकांचा अनुवाद करताना एक जोडी वारंवार समोर येते. घराला बसवायच्या धोक्याच्या घंटांचे या पुस्तकांत दोन वर्ग केलेले असतात. पहिल्या वर्गातील घंटा दूरच्या एका केंद्राला जोडलेली असते. त्या केंद्रात रात्रंदिवस माणसे बसलेली असतात आणि त्यांच्या सेवेबद्दल दरमहा किंवा दरसाल पैसे मोजावे लागतात. दुसऱ्या वर्गातील घंटा घरमालक बाजारातून आणून आपल्या हाताने बसवतो. ती शेजाऱ्यांना जागे करते आणि फार तर मालकाच्या मोबाइलवर वर्दी पाठवते.

पहिल्या वर्गासाठी 'निरीक्षित' हा शब्द कोशात सहज सापडतो. परंतु निरीक्षण म्हणजे केवळ पाहणे. मराठीत याहून जुना आणि भरीव शब्द आहे, तो म्हणजे 'राखण'. राखण करणारा पाहतो, हाक देतो, धावून येतो आणि गेलेल्या वस्तूचा जाबही देतो. या चार कामांची फोड मनाशी ठेवली, म्हणजे आजचा विषय पुष्कळसा सोपा होतो. कोणती घंटा घ्यावी, हा प्रश्न वस्तुतः या चारांपैकी कोणते काम कोणावर सोपवावे, हा आहे.

मराठी मुलखातील जुन्या गावगाड्यात ही चारही कामे एकाच माणसाच्या अंगावर होती. जागल्या रात्री गावात फिरे आणि आल्यागेल्यावर नजर ठेवी. अनेक ठिकाणी हे काम रामोशी समाजाकडे परंपरेने होते. चोरी झाली, तर चोराचा माग काढणे हे त्याचे कर्तव्य होते. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन भिडवला, की जबाबदारी त्या गावावर जाई; तो शिवेच्या आतच हरवला, तर नुकसान भरून देण्याचा बोजा जागल्यावर आणि गावावर पडे. ही व्यवस्था निर्दोष होती, असे मुळीच नव्हे. ज्या रामोश्याच्या भरवशावर गाव झोपत असे, त्याच्या समाजावर इंग्रजी अमदानीत गुन्हेगारीचा शिक्का बसला. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला आणि आज महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींत गणला जातो. राखण करणाऱ्याला राबवून घ्यावे आणि त्याच्यावरच संशय धरावा, ही आपली खोड तेवढी जुनी आहे. आजही घरात काही हरवले, की पहिली नजर चौकीदाराकडे वळते.

आपल्या जबलपूरला या विषयाशी आणखी एका नात्याने जोडता येईल. १८१७ साली हे शहर नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेले. पुढे विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने ठगांविरुद्धची मोहीम मुख्यत्वे येथूनच चालवली. तोवर प्रवासी आपापल्या सावधगिरीवर विसंबून असे. एका ठिकाणी नाहीशा झालेल्या माणसाची बातमी दुसरीकडे पोचत नसे आणि दोन घटनांची सांगड कोणी घालत नसे. स्लीमनच्या कचेरीने जबान्या, वंशावळ्या आणि नकाशे एका जागी आणले. ठगांच्या सांकेतिक बोलीचा त्याने तयार केलेला संग्रह १८३६ साली 'रामसीआना' या नावाने कलकत्त्यात छापला गेला. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला याचे विशेष वाटते. पहाऱ्याची सुरुवात येथे शब्दकोशापासून झाली! त्या मोहिमेत किती निरपराध भरडले गेले, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत आणि त्यांकडे डोळेझाक करता येणार नाही. तथापि विखुरलेल्या वर्द्या एका मध्यवर्ती जागी आल्या म्हणजे त्यांचे बळ वाढते, हे तत्त्व तेथे स्पष्ट दिसते. तेच तत्त्व केंद्राला हातात पुष्कळ माहितीही देते, हेही विसरू नये.

आता विजेच्या घंटेकडे वळू. अमेरिकेत ऑगस्टस पोप याने १८५३ साली दारे-खिडक्यांना जोडलेल्या विद्युत्‌घंटेचे एकस्व घेतले. दार उघडले, की मंडल पुरे होई आणि घंटा वाजे. त्याचे हक्क विकत घेऊन एडविन होम्स याने या वस्तूचा धंदा उभारला. १८७१ च्या सुमारास एडवर्ड कॅलहन याने न्यूयॉर्कमध्ये घरे तारेने एका केंद्राला जोडून तेथून माणूस धाडण्याची योजना सुरू केली. अशा रीतीने दोन्ही वर्ग एकाच शतकात जन्मले. त्यानंतर जवळजवळ १०० वर्षांनी, १९६६ मध्ये, न्यूयॉर्कमधील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पतीसह एका नव्या योजनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. तिच्या कामाच्या वेळा अवेळी असत आणि वस्तीत पोलीस येण्यास विलंब लागे. दारात कॅमेरा, आत पडदा आणि मदत मागण्याची कळ असलेल्या या योजनेला १९६९ मध्ये एकस्व मिळाले. लक्षात घ्या, तिची तक्रार घंटेविषयी नव्हती, कोणी वेळेवर येत नाही याविषयी होती.

यंत्राच्या अंगाने पाहिले, तर दोन्ही वर्गांत फारसा फरक नाही. दाराच्या चौकटीवर एक लोहचुंबक आणि एक कळ असते. ती दोन्ही दूर झाली, की संदेश जातो. खोलीच्या कोपऱ्यात उष्णता ओळखणारा डोळा असतो. माणसाच्या अंगाची ऊब सभोवतालच्या ऊबेहून निराळी असते आणि ती ऊब जागा बदलते, हे तो टिपतो. येथेच जबलपूरचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो. बंद घरातील भिंती अंगाइतक्याच तापल्या, की हा डोळा मंदावतो, कारण त्याला माणूस आणि भिंत यांतील भेदच उरत नाही. पावसाळ्यात लाकडी दारे फुगतात आणि चुंबक जागचा ढळतो. पाल किंवा किडा डोळ्यावरून गेला, तर मध्यरात्री उगाच बोंब होते. वीज गेली, की घरातील इंटरनेटही जाते आणि मोबाइलवर येणारी वर्दी वाटेतच राहते. तेव्हा यंत्राला स्वतःची बॅटरी आणि स्वतंत्र सिमकार्ड असणे अगत्याचे आहे. ज्याला हे सारे दर महिन्याला तपासण्याचा उत्साह आहे, त्याने स्वतः बसवलेली घंटा घ्यावी. ज्याला नाही, त्याची घंटा पहिल्या खोट्या गजरानंतर बहुधा कायमची बंद राहते.

खोट्या गजराची बाब किरकोळ नाही. अमेरिकेतील पोलिसांचा अनुभव असा, की अशा वर्द्यांतील फार मोठा भाग खोटा निघतो. सॉल्ट लेक सिटी या शहराने २००० साली असा नियम केला, की कोणी प्रत्यक्ष खात्री केल्यावाचून केवळ घंटेवरून पोलीस जाणार नाहीत. म्हणजे ज्या देशात केंद्राला जोडलेली घंटा जन्मली, तेथेही अखेर माणसाच्या डोळ्यांकडे परत यावे लागले.

मग दरमहाच्या पैशात नेमके काय मिळते? केंद्रातील माणूस प्रथम फोन करतो. घरातल्याने ठरलेला सांकेतिक शब्द उच्चारला नाही, तर काही बिघडले आहे असे तो समजतो आणि शेजाऱ्यांना वा पोलिसांना कळवतो. याच्या पुढे जाऊन स्वतःचा माणूस गाडीने धाडणारी सेवा निराळी असते आणि ती प्रत्येक शहरात, प्रत्येक वस्तीत असते असे नाही. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. रात्री दोन वाजता आमच्या दाराशी कोण येईल? तो कोठून निघेल? पहारेकरी पुरवणाऱ्या संस्थेला २००५ च्या कायद्यानुसार राज्याचा परवाना आहे काय? आणि आम्ही कधी घराबाहेर असतो ही माहिती तुमच्याकडे कोणाकोणाला दिसते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'आम्ही पोलिसांना फोन करू' एवढेच असेल, तर ते काम शेजारीही करू शकतो. ११२ हा क्रमांक त्यालाही उपलब्ध आहे.

जबलपुरातील अनेक मराठी घरांची आजची स्थिती आपण सारे जाणतो. रेल्वे, तोफगाडी कारखाना, टपाल, न्यायालये यांच्या निमित्ताने आलेल्या कुटुंबांनी येथे घरे बांधली. मुले पुण्या-बंगळूरला किंवा त्याहूनही दूर गेली. घरात सत्तरीची दोन माणसे उरली. मुलगा सुट्टीत येतो, कॅमेरा बसवतो, वर्दी आपल्या मोबाइलवर घेतो आणि निर्धास्त होऊन परत जातो. यात त्याचे प्रेम आहे, पण हिशेब चुकतो. पाहण्याचे काम त्याने हजार मैलांवरून स्वतःकडे घेतले. धावून येण्याचे काम मात्र कोणाकडेच दिले नाही. वर्दी पोचेल तेव्हा तो झोपेत असेल, विमानात असेल, किंवा जागा असून हतबल असेल.

अशा घरांसाठी माझे मत स्पष्ट आहे. जेथे घर दिवसचे दिवस बंद राहते, किंवा वृद्ध माणसे एकटी राहतात आणि भिंतीला भिंत लागून शेजार नाही, तेथे केंद्राशी जोडलेली सेवा घ्यावी. मात्र वरील प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तरच. जेथे दाट वस्ती आहे आणि जाग्या कानांचा शेजार आहे, तेथे स्वतः बसवलेली साधी, मोठ्या आवाजाची घंटा पुरेशी आहे. तिची वर्दी मात्र दूरच्या मुलाबरोबरच पाच मिनिटांत येऊ शकणाऱ्या दोन माणसांकडे गेली पाहिजे, आणि त्यांना आधी विचारून, किल्ली कोठे आहे ते सांगून. दोन्ही ठिकाणी दाराची कडी आणि खिडकीचे गज प्रथम मजबूत करावेत. घंटा चोराला अडवत नाही, ती फक्त आपल्याला सांगते. गावी जाताना पोलीस ठाण्यात कळवून जावे.

राहता राहिले चौथे काम, जाब देण्याचे. जुना जागल्या चोरीची भरपाई देई. आजची कोणतीही सेवा सहसा तसे वचन देत नाही. करारातील बारीक अक्षरे लक्षपूर्वक वाचली म्हणजे हे उमगते. भरपाई हवी असेल, तर विमा निराळा उतरवावा लागतो. राखणीची ही चार अंगे आता चार दुकानांत विभागली गेली आहेत आणि त्यांची मोट बांधण्याचे काम घरमालकाकडे आले आहे. ते त्याने डोळसपणे करावे, एवढीच माझी विनंती आहे.