आपला वेश, आपला निश्चय



आज आपण दोन गोष्टींविषयी बोलू. एक अंगावरचा कपडा आणि दुसरी दारू. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, या दोहोंचा काय संबंध?" संबंध आहे. तो कसा, ते सांगतो.

आम्ही शाळेत असताना तपासणीच्या दिवशी काही मुले उसना कोट घालून येत. कोट ढगळ असे. बाह्या सारख्या वर ओढाव्या लागत. साहेबांनी प्रश्न विचारला, की उत्तर येत असूनही ती गप्प राहत. त्याच वर्गात एखादा मुलगा ठिगळाचा, पण स्वच्छ धुतलेला सदरा घालून येई. तो सरळ उभा राही आणि उत्तर देई. कपडा उसना असला, की अर्धे मन तो सांभाळण्यातच जाते.

मोठ्या माणसांचेही असेच आहे. कापूस विकला, खिशात पैसे आले. सोबती म्हणतात, "चल, थोडी घे. भितोस काय?" त्या वेळी 'नाही' म्हणायला धीर लागतो. लोक काय म्हणतील, ही ज्याला भीती, त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. कैकांची दारू अशी दुसऱ्याला दाखवण्यासाठीच सुरू होते.

आता आपल्या माळकऱ्याकडे पाहा. आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी आपल्या परभणी जिल्ह्यातून, जनाबाईंच्या गंगाखेडावरून पंढरीला जाते. त्या दिंडीत पांढरे कपडे घातलेले, गळ्यात तुळशीची माळ असलेले वारकरी असतात. माळ घातली म्हणजे दारू आणि मांस सोडले, हा नेम. ती माळ काही फार किमतीची नसते. पण लग्नकार्यात माळकऱ्याला दारूचा आग्रह कोणी करीत नाही. तोंडाने 'नाही' म्हणण्याआधीच गळ्यातली माळ 'नाही' म्हणते. आणि मन डळमळले, तर हात माळेकडे जातो. माळ दुसऱ्याला सांगते, तशी घालणाऱ्यालाही आठवण देते.

दुसरे उदाहरण महाडचे. 1927 च्या डिसेंबरात तेथे सत्याग्रह परिषद भरली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांपुढे बोलले. जुन्या चालीचे लुगडे नेसणे आणि ते जड दागिने यांवरून तुमची जात ओळखली जाते, ती चाल सोडा, असे त्यांनी सांगितले. कपडा फाटका असला तरी चालेल, पण स्वच्छ असावा, असेही सांगितले. आणि त्याच भाषणात, दारू पिऊन घरी येणाऱ्या नवऱ्याला, मुलाला जेवू घालू नका, असे बजावले. लुगडे आणि दारू या गोष्टी बाबासाहेबांनी एकत्र का सांगितल्या? जो स्वतःला हलका समजत नाही, तो स्वतःची माती होऊ देत नाही, म्हणून.

तिसरे उदाहरण गाडगेबाबांचे. त्यांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यात शेंडगावी झाला. वडील दारूपायी गेले, तेव्हा बाबा लहान होते. पुढे बाबांनी अंगावर चिंध्या घेतल्या. हाती खराटा आणि मातीचे गाडगे धरले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात दारू सोडा म्हणून सांगायचे. 1956 साली ते वारले. मंत्री भेटोत की शेठजी भेटोत, त्यांचा वेश बदलला नाही.

तुम्ही म्हणाल, बाबासाहेब म्हणतात नीट नेसा, आणि गाडगेबाबा चिंध्या घालतात. मग खरे कोणाचे? दोघांचेही खरे. महाडच्या स्त्रियांवर त्यांचा वेश दुसऱ्यांनी लादला होता. तो त्यांनी टाकला. गाडगेबाबांनी आपला वेश स्वतः निवडला. कपडा भारी की हलका, हा प्रश्न नाही. तो आपण निवडलेला आहे काय, आणि आपल्या वागण्याशी जुळतो काय, हा प्रश्न आहे. गळ्यात माळ आणि लपून गुत्त्याची वाट, तर ते सोंग झाले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. नुसत्या कपड्याने व्यसन सुटत नाही. जो वर्षानुवर्षे रोज पुष्कळ पितो, त्याने एकाएकी बंद केली, तर हातपाय कापतात, झटके येतात, भ्रमही होतो. जिवाला धोका असतो. अशा माणसाने आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना भेटावे. व्यसन हा आजार आहे. त्यावर उपचार आहेत. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण हे केंद्र याच कामासाठी काढले. दवाखाना आधी, मग कपडा.

उपचार चालू झाले, की हे करून पाहा. दारूचे रोजचे पैसे एका डब्यात टाका. महिन्याने डबा उघडा. त्यातून स्वतःला शोभेल, अंगाला बसेल असा एक कपडा घ्या. कोणी धोतर घेईल, कोणी लुंगी, कोणी पॅन्ट. कोणाच्या गळ्यात माळ येईल, कोणाच्या डोक्यावर नमाजाची टोपी. ज्याचे त्याने ठरवावे. पण कर्ज काढून घेऊ नका. रोज सकाळी स्नान करा, दाढी करा, धुतलेला कपडा घाला आणि मनाशी म्हणा, "आजचा दिवस मी पिणार नाही." उद्याचे उद्या पाहू.

आणि घरच्यांनो, असा माणूस नीटनेटका होऊन दारात उभा राहिला, तर "आज कुठं निघाली स्वारी?" म्हणून हसू नका. त्याला सरळ उभे राहायला फार कष्ट पडलेले असतात.