नाव निवडावे कसे, राखावे कसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पापड-कुरडयांचा उद्योग करणारी बाई आज भाजणीचे प्रमाण सांगेल, अशी आपली अपेक्षा असेल. पण मी बोलणार आहे संकेतस्थळाच्या नावाविषयी, ज्याला डोमेन म्हणतात. या नावापायी मला चांगलीच अद्दल घडली. तुमच्यापैकी कित्येकींचे उद्योग आता वाढू लागले आहेत. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

आपल्या नाशकात पत्ता सांगायचा तर 'रविवार कारंज्याजवळ' म्हटले की भागते. पुढे माणूस विचारत विचारत येतो. इंटरनेटवर 'जवळ' नाही. एक अक्षर चुकले की गिऱ्हाईक भलत्याच दारात उभे राहते!

मी नाव घेतले त्यात गावाचे नाव होते, 'गृह' होते आणि शेवटी 'पापड' होता. पाटीवर मराठीत ते शोभून दिसे. पण डोमेन बहुधा इंग्रजी अक्षरांत लिहितात. 'गृह' कोणी आर-आय घालून लिही, कोणी आर-यू. गावाचीही तीच गत. १८८३ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात नाशिकच्या इंग्रजी नावात एच नाही. आज आपण तो घालतो. दोन्ही सवयींची माणसे अजून आहेत. शिवाय मध्ये मी एक आडवी रेघ घातली होती. फोनवर ती समजावताना माझा घसा कोरडा पडे. पुढे मसाले आणि चिवडा सुरू केला, तर लोक म्हणत, "तुमच्याकडे पापडच मिळतात ना?"

म्हणून माझे पहिले सांगणे असे. नाव लहान असावे आणि ऐकल्याबरोबर लिहिता यावे. घेण्यापूर्वी शेजारणीला फोनवर एकदाच सांगा आणि तिला लिहायला लावा. पाचपैकी चौघींनी बरोबर लिहिले तर घ्या. आणि एकाच पदार्थात नावाला अडकवू नका. आज पापड आहेत, उद्या लोणची असतील.

दुसरे सांगणे, दुसऱ्याच्या नावासारखे नाव घेऊ नका. १९९९ साली 'रेडिफ' कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. समोरच्याने 'रॅडिफ' असे नाव घेतले होते. इंग्रजीत फरक एका अक्षराचा! न्यायालयाने ते नाव वापरण्यास मनाई केली. डोमेन म्हणजे नुसता पत्ता नव्हे, त्याला ट्रेड मार्कासारखे संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तेव्हा आधी ट्रेड मार्कच्या नोंदी पाहून घ्याव्या.

नावाच्या शेपटाचाही प्रश्न असतो. 'डॉट कॉम' लोकांच्या तोंडी बसलेले आहे. 'डॉट इन' हे आपल्या देशाचे. २००५ पासून ते सर्वांना खुले झाले. २०१४ पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळते. जमल्यास पहिली दोन्ही घ्यावी आणि एकावरून दुसऱ्याकडे वाट करून द्यावी.

आता माझी खरी चूक सांगते. संकेतस्थळ करून देणाऱ्या मुलाने नाव स्वतःच्या खात्यावर घेतले. मी विचारलेही नाही. डोमेन विकत मिळत नाही, ठराविक वर्षांपुरते मिळते आणि मुदत संपण्यापूर्वी नवे करावे लागते. त्याच्या सूचना त्या मुलाच्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या. तो तर नोकरीसाठी परगावी गेलेला. ऐन दिवाळीच्या तोंडावर आमचे संकेतस्थळ बंद पडले आणि ऑर्डरी येणेही थांबले. माझ्याकडे नऊ जणी कामाला आहेत. त्यांना दिवाळीचे पैसे कुठून द्यावे, या काळजीने दोन रात्री डोळा लागला नाही. तो मुलगा सापडला, सवलतीची मुदत उरली होती, म्हणून नाव परत मिळाले. उशीर झाला असता, तर ते कोणीही घेऊ शकले असते.

घराचा सातबारा आपण दुसऱ्याच्या नावावर ठेवतो का? मग हे का ठेवावे? डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाईलवर नोंदवा. पासवर्ड आपल्या वहीत असू द्या. मुदतीची तारीख कालनिर्णयावर लाल शाईने लिहा. जमल्यास काही वर्षांचे पैसे एकदम भरा.

पुढे मी नवे, सुटसुटीत नाव घेतले. पण जुने सोडलेले नाही. जुनी गिऱ्हाइके अजून त्याच वाटेने येतात, त्यांना नव्या दारी आणून सोडते.

भगिनींनो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. आपल्या उद्योगाचे डोमेन कोणाच्या नावावर आहे, ते विचारा. विचारायला संकोच वाटला, तर माझी दिवाळी आठवा.