डोंगरावरचा बर्फ आणि आपला हिशोब

(शुक्रवारच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय, थोडंफार नीट करून.)

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला आहे, साईटवर सुपरवायझर. व्याख्यान देण्याची सवय नाही, साईटवर बोलतो तसंच बोलणार.

सौदीत बर्फावर घसरायचं गाव बांधतायत, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळेच हसले होते. दुबईचा मॉलमधला स्की आपल्यातल्या बऱ्याच जणांनी काचेबाहेरून बघितलाय. २००५ साली सुरू झाला तो, आणि त्याची सगळ्यात लांब उतरण ४०० मीटरची. ती म्हणजे एक मोठं शीतगृह आहे. आंब्याच्या कोल्ड स्टोरेजसारख्या चार भिंती, छप्पर आणि आत थंडी. ट्रोजेनाचं तसं नाही. तिथे उघड्या डोंगरावर बर्फ टिकवायचाय.

जागा तबूक प्रांतात आहे, निओमच्या हद्दीत, अकाबाच्या आखातापासून साधारण ५० किलोमीटर आत. उंची १,५०० ते २,६०० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे वरचा भाग कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही जवळजवळ हजार मीटर उंच. हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो, कधीकधी खरा बर्फही पडतो. पण त्यावर धंदा चालत नाही. म्हणून बर्फ करायचा.

बर्फ करायचा म्हणजे काय, ते सांगतो, कारण सगळं काम त्याच्यामागे धावतं. दाबाखालचं पाणी आणि हवा तोफेसारख्या यंत्रातून बारीक थेंबांत उडवतात. हवा थंड आणि कोरडी असेल तर थेंब खाली येईपर्यंत गोठतात. हवा कोरडी असली की शून्याच्या थोडं वरही जमतं, हा वाळवंटाचा फायदा. पण पाणी? एक घनमीटर पाण्यातून दोन-अडीच घनमीटर बर्फ होतो. एक हेक्टर उतारावर फक्त ३० सेंटीमीटर थर द्यायचा तर ३,००० घनमीटर बर्फ. म्हणजे दहा हजार लिटरचे १२०-१५० टँकर. एका हेक्टरला, आणि तेही एकदाच. आपल्याकडे माण-खटावात उन्हाळ्यात गावाला टँकर कसा येतो ते ज्यांनी बघितलंय, त्यांना हा आकडा वेगळाच वाटेल. डोंगरात नदी नाही. समुद्राचं पाणी गोडं करून वर चढवायचं आणि तळ्यात साठवायचं, असा आराखडा.

म्हणून स्कीच्या आधी धरणं. २०२४ च्या जानेवारीत तीन धरणांचं कंत्राट एका इटालियन कंपनीला गेलं, ४.७ अब्ज डॉलरचं. तळं २.८ किलोमीटर लांब, मुख्य धरण १४५ मीटर उंच. कोयना १०३ मीटर आहे. धरणाच्या आधी रस्ता, रस्त्याच्या आधी सुरुंग, आणि सगळ्याच्या आधी कॅम्प. हॉटेलचे रंगीत फोटो जगभर गेले, पण त्या फोटोंत शटरिंग सुतार, स्टील फिक्सर, रिगर, स्कॅफोल्डर कुठेच दिसत नाहीत.

वरच्या कामाचं एक सांगतो. पाच अंशांच्या खाली काँक्रीट नीट सेट होत नाही, म्हणून त्यावर पांघरुणं घालतात. आमच्या सब-कॉन्ट्रॅक्टरने काँक्रीटची पांघरुणं नोव्हेंबरातच मागवली. माणसांची जाकिटं जानेवारीत आली. विचारलं तर म्हणाले, तुमच्या करारात ‘गरम कपडे’ लिहिलेलं नाही. काँक्रीटच्या स्पेसिफिकेशनमध्ये पांघरूण लिहिलेलं होतं, एवढाच फरक. दम्मामच्या ४५ अंशांतून आलेली पोरं तिथे दोन-दोन शर्ट घालून बार बांधत होती. त्यातल्या एकाचे हातमोजे म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या होत्या, खोटं सांगत नाही. उन्हाळ्यासाठी नियम सगळ्यांना पाठ आहे, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उन्हात काम बंद. थंडीचं कोणी विचारतच नाही, कारण आखात म्हटलं की ऊनच डोळ्यांपुढे येतं. डोंगरावर जाणार असाल तर करारात नाहीतर निदान ईमेलवर गरम कपडे आणि बूट लिहून घ्या.

आता मूळ मुद्दा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आशियाई हिवाळी स्पर्धा २०२९ साठी ट्रोजेनाला मिळाली. तेव्हापासून सगळ्या साईटवर एकच घाई. मग २०२६ च्या जानेवारीत जाहीर झालं की तिथली स्पर्धा पुढे ढकलली, आणि २०२९ ची स्पर्धा कझाकस्तानच्या अल्माटीला गेली. असं मोठ्या प्रकल्पात होतं. पैसा, वेळापत्रक, वरचे निर्णय, आपल्या हातात काही नाही. पण प्रकल्पाचा वेग कमी झाला की पहिली कात्री कोणावर? लेबर सप्लायवाल्या माणसांवर.

आणि ती कशी चालते बघा. कॅम्प बॉस संध्याकाळी अरबीतला कागद आणतो. ‘फायनल सेटलमेंट आहे, सही कर, परवा तिकीट.’ आमच्या गँगमधल्या सात जणांपुढे असाच कागद आला. मी मिसरी सर्व्हेअरला वाचायला दिला. तो राजीनामा होता.

राजीनामा आणि काढून टाकणं यात किती फरक पडतो? समजा पगार १,५०० रियाल आणि नोकरी तीन वर्षं. सौदी कायद्यात पहिल्या पाच वर्षांना दरवर्षी अर्धा महिना, नंतर दरवर्षी पूर्ण महिना अशी सेवासमाप्तीची रक्कम आहे. करार संपला किंवा मालकाने काढलं तर २,२५० रियाल. राजीनामा दिला तर दोन ते पाच वर्षांपर्यंत फक्त तिसरा हिस्सा, म्हणजे ७५०. दोन वर्षांच्या आत तर शून्य. सहा वर्षं झालेल्याला ५,२५० च्या जागी ३,५००. आणि मुदत शिल्लक असताना विनाकारण काढलं असेल तर उरलेल्या मुदतीचा पगार मागता येतो, किमान दोन महिन्यांचा. अर्थात करारात आधीच वेगळी भरपाईची रक्कम लिहिली असेल तर ती धरतात. म्हणून करार नीट बघा, किवावर तो दिसतो. राजीनाम्यावर सही केली की हा हक्कही जातो. आपल्या गावातला एजंट हे कधी सांगत नाही, त्याचं काम विमान सुटलं की संपलं.

त्या सातातल्या पाच जणांनी सही केली नाही. दोघांनी केली, घरी लग्न होतं, तिकीट हवं होतं. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण परतीचं तिकीट हे मालकाचं कर्तव्यच आहे, सहीच्या बदल्यात द्यायची ती बक्षिसी नाही. हे त्यांना त्या संध्याकाळी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. २०२५ च्या फेब्रुवारीपासून नवा नियमही आहे: मालकाने राजीनामा स्वीकारला नसेल तर सात दिवसांत तो मागे घेता येतो.

उरलेल्या पाच जणांनी कामगार मंत्रालयाकडे अर्ज केला. आधी समझोत्याची बैठक होते, तिथे जमलं नाही तर कामगार न्यायालय, आणि कामगाराला कोर्ट फी नाही. नोकरी संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. गावी जाऊन ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणालात तर गेलं. पाचांपैकी तिघांना पैसे समझोत्यातच मिळाले. दोघांचं अजून चालू आहे.

त्या तिघांचं लवकर का झालं? त्यांच्याकडे कागद होते. पगार बँकेत जमा झाल्याचे मेसेज, ओव्हरटाइमच्या टाइमशीटचे फोटो. तिघांनीही रोज संध्याकाळी फोरमनच्या सहीच्या शीटचा फोटो काढून बायकोला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. फोन हरवला तरी पुरावा चिपळूणला सुरक्षित! ज्या दोघांचं अडकलंय त्यांचा इकामा एका कंपनीचा आणि काम दुसरीचं. त्याला अजीरची नोंद लागते, ती नव्हती, आता दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतायत. डोंगरावर, दूरच्या साईटवर हे जास्त होतं. बसमध्ये चढायच्या आधी अजीरचा कागद मागा. नाही म्हणाले तर निदान आपण मागितला होता, असा मेसेज तरी ठेवा.

पासपोर्टबद्दल एकच वाक्य. तो तुमच्याकडे राहिला पाहिजे, मालकाने ठेवणं बेकायदेशीर आहे.

ट्रोजेनाचं पुढे काय होईल ते मला विचारू नका. पुढे काम निघालंच तर जा, मी अडवणार नाही. पगार बरा असतो, शिकायलाही मिळतं, रोलर काँक्रीटचं धरण बघायला मिळणं ही आमच्या लाईनमध्ये मोठी गोष्ट आहे.

आता ज्यांनी करार आणलेत त्यांनी इकडे टेबलापाशी या. अरबीवाला भाऊ साडेआठपर्यंत थांबणार आहे, आधी ज्यांची मुदत तीन महिन्यांत संपतेय त्यांचे कागद बघू.