पायऱ्यांचे मार्क



वर्षभर आमच्या घरात एकच विषय चाललाय. लेकीला जर्मनीत ऑटोमोटिव्ह इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायचंय. मी इंजिनिअर, म्हणून फॉर्म माझ्याकडे आले. तिथे 1 म्हणजे सर्वोत्तम, 4 म्हणजे काठावर पास. 10 पैकी 4 ला पास धरलं, तर आपला 8 सीजीपीए त्यांच्या सूत्राने 2.0 होतो. एवढं चटकन जमलं.

अडलं पुढे. मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स, कंट्रोल, प्रत्येक विषयात नेमकं काय आणि किती शिकलात, हे ते ताडून पाहतात. तिचे मार्क चांगले, तरी एका विद्यापीठाने मेकॅनिक्सचे क्रेडिट अपुरे म्हणून नकार कळवला. चूक माझीच. दोन सेमिस्टरचा अभ्यासक्रम मी चार ओळींत उरकला होता. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सर, तुम्ही समोर बसलात म्हणून सांगते. नववीत गणिताचं उत्तर बरोबर असूनही पायऱ्या गाळल्या म्हणून तुम्ही माझे मार्क कापले होतेत. मी घरी जाऊन तुमच्या नावाने रडले होते.

आखेनच्या अर्जासाठी आम्ही मायलेकींनी सिलॅबस काढून एकेक प्रकरण लिहिलं. 31 पानं झाली. उत्तर अजून यायचंय.